तेवीस स्टिकरं आणि एक बंपर

विरार पूर्वेला फुलपाड्यात माझं रेडियमचं दुकान आहे. टेम्पोच्या मागचे देव, रिक्षांवरचे शेर, स्कूटरवरची पोरांची नावं, दवाखान्यांच्या काचांवरची अक्षरं, सगळं मी कापते. दहावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला, दुसऱ्याच्या दुकानात कटिंग मशीनवर आठ वर्षं बसले आणि मग स्वतःचं मशीन घेतलं. बाईमाणूस रेडियम कापतं याचं सुरुवातीला लोकांना नवल वाटायचं. अक्षर सरळ बसलेलं पाहिलं की नवल संपायचं.

त्या दुकानात एक दिवस वसई पश्चिमेकडच्या गावातले एक काका आले. बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले, ख्रिस्ती, चर्चच्या सणाला आणि लग्नांत गिटार वाजवणारे. गिटारची पेटी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. पेटीवर एक जुनं स्टिकर होतं, निम्मं फाटलेलं. पिवळ्या रंगावर लाल कुंपण, कुंपणावर बसलेला कोंबडा आणि खाली एका रेडिओ स्टेशनचं नाव. अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावाचं स्टेशन. तिकडे अशी स्टिकरं श्रोत्यांना फुकट देतात आणि लोक ती गाडीच्या मागच्या बंपरवर लावतात, असं काका म्हणाले.

"अगदी असंच करून दे, बाय. बोटीवर असताना एका दोस्ताने दिलेलं."

कोंबड्याचा अर्धा तुरा गेला होता. तो नीट दिसावा म्हणून मी इंटरनेटवर ते स्टेशन शोधलं आणि पान उघडताच गाणं सुरू झालं. ते कंट्री म्युझिक असतं हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. एक बाई गात होती. शब्द निम्मे कळले, पण ती रडत नव्हती एवढं कळलं. कुणीतरी तिला फसवलं होतं आणि आता ती त्याची वाट बघत दारात बसली होती. मी तुरा कापायचा सोडून गाणं संपेपर्यंत ऐकत राहिले.

काका स्टिकर न्यायला आले तेव्हा म्हणाले, "कॉपी झकास झालीय. पण कॉपी ती कॉपी. खरं हवं असेल तर त्यांना लिही."

मी लिहिलं. इंग्रजी मोडकं होतं. मी भारतात विरारला राहते, गाड्यांवर अक्षरं कापते, तुमच्या स्टिकरचे कोपरे फार छान गोल केले आहेत, असं काहीतरी. पाच आठवड्यांनी पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला. पत्ता निळ्या शाईने, हाताने लिहिलेला. आत कोंबड्याचं नवंकोरं स्टिकर आणि संध्याकाळचा कार्यक्रम करणाऱ्या निवेदिकेची चिठ्ठी. कोपऱ्यांबद्दल आजवर कुणी काही बोललं नव्हतं, असं तिने लिहिलं होतं.

तिथून सात वर्षं हे चाललं. त्यांच्या गावची जत्रा आली की नवं स्टिकर, नाताळ आला की नवं, स्टेशनचा मनोरा वादळात पडून पुन्हा उभा राहिला तेव्हा एक. मीही तिला गणपती कापून पाठवला, तिच्या आईच्या नावाची पट्टी पाठवली. सकाळी दुकान उघडलं की त्यांच्याकडे आदली संध्याकाळ असायची. तिचा कार्यक्रम लावून मी काम करायची. इंग्रजी मी शाळेत शिकले नाही इतकं त्या बाईच्या तोंडून शिकले. तिचे शब्द लांबवत बोलणं, मधेच गिळणं, सगळं कानात बसलं.

तेवीस स्टिकरं जमली होती. एकही मी चिकटवलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर चिकटवण्यात जातो. ही मागच्या कागदासकट, प्रत्येक वेगळ्या बटर पेपरमध्ये, एका फाईलमध्ये ठेवलेली. दुपारी काम नसलं की फाईल काढून बघायची. बघण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

मग तो आला.

एव्हरशाईन सिटीत राहणारा, आधी जागांची दलाली करणारा माणूस. चिंचोटीला हायवेजवळ जागा घेऊन तो ढाबा काढत होता. पावसाळ्यात धबधब्यावर येणारी गर्दी त्याच्या डोळ्यांपुढे होती. ढाबा साधा नाही, अमेरिकन. भाताच्या पेंढ्यांचे भारे रचून बसायच्या जागा, कामणवरून आणलेली बैलगाडीची चाकं भिंतीवर, वेटरांच्या डोक्यावर हॅट. काचा, पाट्या, मेन्यूचे बोर्ड, सगळं काम माझ्याकडे. मापं द्यायला दुकानात आला तेव्हा माझ्याकडे ते स्टेशन चालू होतं.

"हे काय लावलंय, ताई? एकदम माझ्या थीमचं आहे हे!"

आणि मी, मूर्ख, फाईल काढून दाखवली.

त्याने पानं उलटली. मग म्हणाला, "विकता?"

"नाही."

"बरं, विकू नका. मी मोठी फ्रेम करतो. काचेखाली, दर्शनी भिंतीवर. खाली तुमचं नाव. लोकांना कळू दे ना, आपल्या विरारमध्ये काय काय लोक आहेत. दोन दिवस द्या, फ्रेमवाल्याकडून मापं घेतो आणि परत आणतो."

खाली तुमचं नाव. आयुष्यभर मी दुसऱ्यांची नावं कापली. त्या एका वाक्याला मी भुलले. फाईल दिली.

दोन दिवसांचे आठ झाले. फोन केला की "फ्रेमवाला गावाला गेलाय." नवव्या दिवशी मी काचांवर फिल्म लावायला चिंचोटीला गेले. दारात एक जुनी उघडी जीप आणून ठेवली होती, येणाऱ्यांनी फोटो काढावेत म्हणून. पावसाची भुरभुर चालू होती. जीपच्या मागच्या लोखंडी बंपरवर माझी तेवीसच्या तेवीस स्टिकरं चिकटवलेली होती.

चिकटवलेली तरी कशी! वाकडी, एकावर एक चढवलेली, काही दुमडून बंपरच्या खालच्या बाजूला वळवलेली. आत बुडबुडे. लोखंड पुसलंही नव्हतं, गंज आणि माती तशीच आत दाबली होती. मनोऱ्याचं स्टिकर मधोमध फाटलं होतं. कोंबड्यावर कुणीतरी चिखलाचा बूट टेकवून जीपमध्ये चढलं होतं.

तो हसत बाहेर आला. "कशी दिसते?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तुम्ही फ्रेम करणार होता."

"अहो ताई, स्टिकर चिकटवायलाच असतात ना? फाईलमध्ये ठेवून काय लोणचं घालायचंय? आणि तुमचं काय, एक मेल टाका, अजून पाठवतील. फुकटच तर आहेत."

तेवढ्यात धबधब्यावर निघालेलं एक जोडपं छत्री सांभाळत जीपचा फोटो काढायला आलं. त्याने त्यांना सांगितलं, माझ्यासमोर, "अमेरिकेत गाडीने फिरलोय मी. एकेक स्टिकर त्या स्टेशनच्या दारात जाऊन आणलंय."

ते स्टेशन अमेरिकेत नक्की कुठे आहे, हे त्याने फाईल नेताना मला विचारलं होतं.

मी आत गेले आणि काचांवर फिल्म लावली. एक बुडबुडा राहू दिला नाही. घरी आले तेव्हा आईने तोंड बघूनच ओळखलं. आई मालवणकडची, बाबांच्या नोकरीपायी विरारला आली ती इथलीच झाली, पण रागावली की गावची भाषा बाहेर येते. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, सोडून दे म्हणेल. निदान 'सोडून देते, देव बघून घेईल' असं मी म्हटल्यावर मान तरी डोलावेल.

"सोडून कित्याक देतलंस?" आई म्हणाली. "देवाक हजार कामां आसत. तुझां काम तूच कर."

पुढचे काही दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. काम करताना हातातल्या कटरकडे बघायची आणि जीपचे टायर आठवायचे. मेन्यूच्या बोर्डावर एखादं अक्षर असं बदलावं की गिऱ्हाईकांनी हसावं, हेही मनात आलं. पण वाकडं अक्षर माझ्या दुकानातून गेलं असतं, म्हणजे नाव माझं खराब. मी त्याचं सगळं काम वेळेवर आणि चोख केलं. त्याला वाटलं, बाई विसरली. तो पुन्हा "ताई, ताई" करू लागला. त्याचं ते ताई म्हणणं मी एकेक करून मनात जपत होते.

उद्घाटन आठ दिवसांवर आलं तेव्हा तो दुकानात आला. स्वतःहून आला, मी बोलावलं नव्हतं.

"ताई, एक आयडिया आहे. तुमची त्या रेडिओवाल्या बाईशी ओळख आहे ना? उद्घाटनाच्या सकाळी तिने रेडिओवर माझ्या ढाब्याला शुभेच्छा द्यायच्या. आपण स्पीकरवर लाईव्ह लावू. नगरसेवक येणार आहेत, मोबाईल चॅनेलवाले येणार आहेत. एकदम हवा होईल!"

मी हातातलं काम खाली ठेवलं. "विचारून बघते."

"आणि तिचं इंग्रजी जरा अवघड जातं हो लोकांना. तुम्ही माईकवर मराठीत सांगाल का?"

"सांगेन ना," मी म्हटलं.

त्या दुपारी मी तिला मेल लिहिला. आधीच्या फाईलचा फोटो जोडला, नंतरच्या बंपरचा जोडला. काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं, एक शब्द वाढवला नाही. मागितलं एवढंच की त्या दिवशी जे खरं आहे तेवढं बोल. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं. त्याला सांग, आवाज मोठा ठेव.

रविवारची सकाळ. पाऊस थांबला होता, धबधब्याकडे जाणाऱ्या मोटारसायकली सुरू झाल्या होत्या. मंडपात साठेक खुर्च्या, पुढच्या रांगेत नगरसेवक, ढाबेवाल्याची बायको, त्याच्या सासरची माणसं. जीपला झेंडूच्या माळा. एका बाजूला गिटार घेऊन ते बोटीवरचे काका बसले होते. गाणी वाजवायला त्यांना मीच सुचवलं होतं, पण बाकी काही त्यांना सांगितलं नव्हतं. ढाबेवाल्याने माईक घेऊन अमेरिकेतल्या पाच राज्यांतून गाडी कशी चालवली, स्टेशनच्या दारात त्याचं स्वागत कसं झालं, हे सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने फोन स्पीकरला जोडला आणि माईक माझ्या हातात दिला.

गाणं संपलं आणि तिचा आवाज आला. नेहमीसारखाच, सावकाश. ती एक वाक्य बोलून थांबायची, जणू मी तिच्या शेजारी बसले आहे.

मी सांगत गेले. "ती म्हणते, भारतात मुंबईच्या वरच्या अंगाला एक धबधबा आहे. तिथे आज एक ढाबा उघडतोय. मालकांना आमच्या शुभेच्छा."

टाळ्या. त्याने हात जोडले.

"ती म्हणते, ढाब्याच्या दारात एक जीप आहे आणि तिच्या बंपरवर आमची तेवीस स्टिकरं आहेत."

पुन्हा टाळ्या. चॅनेलवाल्याने मोबाईल जीपकडे वळवला.

"ती म्हणते, त्या तेवीस पाकिटांवरचा पत्ता मी माझ्या हाताने लिहिला. त्यातलं एकही पाकीट या मालकाच्या नावाने नव्हतं. हा माणूस आमच्या दारात कधी आलेला नाही. आमचं गाव एवढं लहान आहे की आला असता तर कळलं असतं."

टाळ्यांसाठी उचललेले दोन-तीन हात तसेच राहिले. कुणीतरी मागे खोकलं.

"ती म्हणते, ती स्टिकरं एका बाईला पाठवली होती. ती विरारला गाड्यांवर अक्षरं कापते. फ्रेम करून देतो सांगून याने ती नेली आणि तिला न विचारता जीपवर चिकटवली. साहेब, आमच्याकडे याला चोरी म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात, मला ठाऊक नाही."

इथे ती थांबली. मी माईक तोंडाजवळ घेतला. "हे आता माझं. आमच्याकडेही चोरीच म्हणतात."

तो फोनवर तुटून पडला. बोटं घसरत होती, त्याला आवाज बंद करता येईना, आणि स्टेशनवर जोरात व्हायोलिनचं गाणं सुरू झालं होतं. शेवटी त्याने वायरच ओढली. "खोटं बोलतेय ही! हिला इंग्रजी कुठे येतंय? दहावी पास आहे ही! मनचं सांगतेय सगळं!"

काका गिटार बाजूला ठेवून उठले. घाई नाही, काही नाही. "चाळीस वर्षं गोऱ्यांच्या हाताखाली काढली मी," ते म्हणाले. "बरोबर सांगितलंय पोरीने. शब्दन् शब्द." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही पाच राज्यं फिरलात ना? मग तुम्हीच सांगा, ती काय म्हणाली?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. नगरसेवकांना दुसरा कार्यक्रम आठवला. पुढची रांग उठली तशा मागच्या उठल्या. मी माईक खुर्चीवर ठेवला आणि चालत हायवेपर्यंत आले. पाय हलके झाले होते. लोक सांगतात की सूड घेतल्यावर आत पोकळ वाटतं. मला भूक लागली होती. कोपऱ्यावरच्या गाडीवर मी दोन वडापाव खाल्ले.

त्या सकाळचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्या वसई-विरारच्या मोबाईलवर फिरला. एव्हरशाईनमध्ये लोक त्याला 'स्टिकर शेठ' म्हणू लागले. मी तो व्हिडिओ पसरवला नाही, पण बघितला. किती वेळा बघितला ते सांगत नाही. त्याचं तोंड उघडून मिटतं, तिथे थांबवून बघायची.

तीन दिवसांनी त्याचा फोन. "काय पाहिजे तुम्हाला? बोला एकदाचं."

"बंपर."

"काय?"

"स्टिकरं आता निघणार नाहीत. बंपर काढून द्या."

मी स्वतः पाने घेऊन गेले. चार बोल्ट होते. तीन सुटले, चौथा गंजलेला. मी फिरवायला गेले की बंपर डुगडुगायचा. तो शेडखाली उभा राहून बघत होता.

"धरा इकडून," मी म्हटलं.

तो आला. चिखलात उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हातांनी बंपर धरला. मी मुद्दाम सावकाश फिरवलं. बोल्ट सुटल्यावर मी बंपर रिक्षात आडवा घातला, तो दोन्ही बाजूंनी बाहेर आला, आणि तसाच फुलपाड्याला आणला. दुकानात गरम हवा देऊन एकेक स्टिकर सोडवायचा प्रयत्न केला. एकही धड निघालं नाही. शेवटी मी गरम हवेचं मशीन बंद केलं आणि बंपर दाराआड उभा केला.

तिकडे रेडिओवाल्या बाईला स्टेशनच्या मालकाने सुनावलं. स्टेशन घरच्या भांडणांसाठी नसतं म्हणून. तिचा शनिवारचा कार्यक्रम काढून घेतला, बाकीचे दिवस राहिले. तिने कळवलं, वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटलं. तेवढ्या एका गोष्टीचं अजून वाटतं.

ढाबा दिवाळीपर्यंत चालला. मग पेंढ्या गेल्या, हॅट गेल्या, आता तिथे मच्छी थाळी मिळते. त्याचं बरं चाललंय म्हणतात. माफी त्याने मागितलेली नाही. बाजारात दिसला तर तो रस्ता बदलतो. मी बदलत नाही. ओळखीच्या बायका म्हणतात, एवढ्याशा कागदांसाठी माणसाला एवढं उघडं करायचं नव्हतं. मी त्यांना विचारते, मग केवढ्यासाठी करायचं?

गेल्या महिन्यात एक मुलगी नवी स्कूटर घेऊन दुकानात आली. कॉलेजची असेल. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी कुणाची मुलगी आहे तुम्हाला माहितीय?" नाक अगदी बापाचं होतं. मी हो म्हटलं.

"कॉलेजमध्ये अजून चिडवतात मला," ती म्हणाली.

तिचा काही दोष नव्हता आणि मला केलेलं परत घ्यायचं नव्हतं. "तुझ्यासाठी वाईट वाटतं," मी म्हटलं. "त्यांच्यासाठी नाही."

तिने मान हलवली. रागाने नव्हे. "बाबांनी तुम्हाला सॉरी म्हटलं का?"

"नाही."

"म्हणणारपण नाहीत. आईलापण कधी म्हणत नाहीत." मग तिने स्कूटरकडे बोट दाखवलं. "मागे लिहून द्या ना. पांढऱ्यात. आईचा आशीर्वाद."

मी अक्षरं मशीनवर घेतली. स्कूटरची मागची बाजू रुंद होती, बरीच जागा उरत होती. "आई-बाबांचा करू?" मी विचारलं. "बसेल."

तिने वळून स्कूटरकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "आईचाच."

मी मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून, आणि कापायला घेतलं.